केळीच्या कंटेनरला आपला करार हवा : खान्देशातल्या केळीवाल्यांना खुले पत्र

प्रति,
रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर तालुक्यांतल्या फ्रूटसेल सोसायट्यांचे चेअरमन व संचालक, शेतकरी उत्पादक कंपन्या, पॅकहाऊसचालक आणि केळी निर्यातदार

विषय : केळीच्या निर्यातीसाठी आपला छापील नमुना करार तयार करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी फॉरवर्डिंगच्या कामातला माणूस. सावदा-रावेर पट्ट्यातून न्हावाशेवा बंदराला जाणाऱ्या रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचे कागद करणे हा माझा रोजचा धंदा. शिपिंग बिल, फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), सगळे माझ्या टेबलावरून जाते. त्या जाडजूड फाइलीत एकच कागद कधी सापडत नाही. ज्याच्या बागेतून माल कापला, त्याच्याशी झालेला करार. असलाच तर व्हॉट्सॲपवरचा मेसेज असतो : 'उद्या कटाई, भाव अमुक, गाडी सकाळी.' एवढ्या भरवशावर वीस टन केळी दुबईला, मस्कतला, जेद्दाला जाते.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. तुम्ही सगळ्यांनी एकत्र बसून केळीच्या निर्यातीचा एक नमुना करार लिहावा, त्याला नाव द्यावे, साल द्यावे आणि तो छापावा. सरकारची वाट बघू नये. जगातले जहाजधंद्याचे बहुतेक करार सरकारांनी लिहिलेलेच नाहीत. ते धंदेवाल्यांच्या संघटनांनी लिहिले. ज्या संघटना लिहायला बसल्या त्यांचे भले झाले, आणि जे बसले नाहीत त्यांनी पैसे भरले.

अडचण कुठे येते ते तुम्हाला माहीत आहे, तरी एक उदाहरण देतो. यावलकडचे एक आप्पा मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. भाव बांधावर ठरला होता, माल मे महिन्यात गेला होता, आणि महिनाभराने निर्यातदाराचा मेसेज आला होता की निम्मा माल कलर निघाला, म्हणजे वाटेतच पिवळा पडला, तिकडून क्लेम लागला, सबब किलोमागे इतकी कटती. आप्पांचा प्रश्न साधा होता : माल माझ्या बागेतून हिरवागार गेला, मग पिवळा कुणी केला?

योगायोगाने त्या कंटेनरचे कागद मीच केले होते. आत ठेवलेल्या टेंपरेचर रेकॉर्डरचा आलेख मागवला. केळीला साधारण १३ ते १४ अंश लागतात. त्याखाली गेली तर सालीला थंडी बाधते, फार वर राहिली तर पिकायला लागते. या आलेखाची रेघ दरवाजा बंद केल्यापासूनच वर होती, आणि तेरापर्यंत उतरायला तिला तीन दिवस लागले होते. म्हणजे रावेरच्या उन्हात तापलेला घड नीट प्रीकूलिंग न करताच, म्हणजे आधी पुरता थंड न करताच, बॉक्समध्ये भरला गेला. रीफरचे मशीन थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, गरम माल थंड करण्याची ताकद त्यात फारशी नसते. चूक पॅकहाऊसची होती. जहाज कंपनीची नव्हती आणि आप्पांची तर नव्हतीच. पण कटती आप्पांच्या बिलातून झाली. ती का झाली याचे उत्तर सोपे आहे. चूक कुणाची ते कसे ठरवायचे, हेच कुठे लिहिलेले नव्हते. जिथे लिहिलेले नसते तिथे साखळीत सर्वांत शेवटी ज्याचे पैसे द्यायचे असतात, त्याचे कापले जातात.

आता बिल ऑफ लेडिंग घ्या. पुढच्या पानावर तुमचे नाव, बॉक्सची संख्या, कंटेनर आणि सील नंबर. मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत जहाज कंपनीच्या अटी. त्यात काय असते? कंटेनर तुम्ही भरला, आत काय आहे ते आम्ही पाहिलेले नाही. आम्ही ठरलेल्या तापमानाची हवा पुरवू, फळाच्या गराचे तापमान आमच्याकडे नाही. उशिराची हमी नाही. हे सगळे वाचून कुणी सही करत नाही, कारण सही मागतच नाहीत. बुकिंग केले की मान्य केले.

तरीही जहाज कंपनीला हवे ते लिहिता येत नाही, आणि याचे श्रेय मालवाल्यांना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कंपन्यांची बिले इतकी बेफाम झाली होती, की आपल्याच खलाशांच्या हलगर्जीपणाची जबाबदारीही त्या अटी लिहून झटकायच्या. अमेरिकेतल्या धान्य-कापसाच्या निर्यातदारांनी आरडाओरडा केला आणि १८९३ साली तिथे हार्टर कायदा आला : मालाची नीट काळजी घेण्याची जबाबदारी जहाजवाल्याला झटकता येणार नाही. मग १९२१ मध्ये हेगला इंटरनॅशनल लॉ असोसिएशनच्या बैठकीत जहाजवाले, मालवाले, बँका आणि विमेवाले समोरासमोर बसले. तिथे ठरलेल्या नियमांवर १९२४ मध्ये ब्रुसेल्सला राष्ट्रांनी सह्या केल्या. ते हेग नियम. भारताने त्यावर १९२५ चा कायदा केला, आणि शंभर वर्षांनी, २०२५ साली, त्याच्या जागी नवा कायदा आणला. १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदाही त्याच वर्षी बदलला.

या नियमांतल्या दोन-तीन गोष्टी बागायतदाराच्या थेट कामाच्या आहेत. नुकसान बाहेरून दिसत नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचे. दावा वर्षाच्या आत लावायचा. भरपाईला मर्यादा आहे, पण आपल्या कायद्यात ती किलोला २ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक), म्हणजे रुपयांत दोनशेच्या वर जाते, त्यामुळे केळीवाल्याने तिची चिंता करू नये. चिंता वेगळ्याच कलमाची करावी. मालाच्या अंगच्या दोषाने झालेले नुकसान जहाजवाला देत नाही. केळी ही अंगच्याच गुणाने पिकणारी वस्तू. तेव्हा माल भरताना तो कच्चा, थंड आणि धड होता हे दाखवायला कागद नसेल तर दावा तिथेच आडवा होतो. तो कागद पॅकहाऊसमध्येच तयार व्हायला हवा. दुबईत तो कुठून आणणार?

आता संघटनांकडे येतो. १९०५ साली कोपनहेगनला बाल्टिक आणि व्हाइट सी भागात लाकूड नेणारे जहाजमालक जमले. भाडी कोसळत होती, एकमेकांचे पाय ओढणे चालू होते. त्या बैठकीतून निघालेली संस्था आज बिम्को म्हणून जगभर ओळखली जाते. १९२२ मध्ये जेनकॉन नावाचा तिचा भाडेकरार आला. १९७६, १९९४ आणि २०२२ मध्ये तो सुधारला, आणि सुट्टा माल नेणाऱ्या जहाजांसाठी अजूनही तोच चालतो. तुमच्या केळीला जेनकॉन लागत नाही, कंटेनरचा कारभार वेगळा आहे. पण त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. पहिल्या भागात चौकटी : जहाज कोणते, माल किती, कुठून कुठे, भाडे किती, कोणत्या तारखेपर्यंत. दुसऱ्या भागात छापील कलमे. सौदा करणाऱ्याने फक्त चौकटी भरायच्या. कलम बदलायचे असेल तर बदला, पण खोडलेले खोडलेलेच दिसले पाहिजे आणि घातलेले वेगळे उठून दिसले पाहिजे, असा बिम्कोचा दंडक आहे. समोरच्याने काय गाळले ते एका नजरेत कळते. ही साधी युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे फसवणूक बहुधा लिहिलेल्यात नसते, गाळलेल्यात असते.

कापूसवाल्यांना दुसरी संघटना चांगलीच ठाऊक आहे. लिव्हरपूलची इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन, तिचे मूळ १८४१ चे. त्या काळी हिंदी कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ढोलेरा, भडोच, उमरा अशा नावांनी विकला जाई आणि खान्देशचा कापूस उमरात मोडे. आपल्या मालाची प्रत, नाव, भाव सगळे परक्या टेबलावर ठरले आणि आपले त्यावर कुणी नव्हते. आज जळगाव-धुळ्याच्या जिनिंगवाल्याच्या निर्यात सौद्यात शेवटी एक ओळ असते : 'लिव्हरपूलचे नियम लागू.' या तीन शब्दांच्या पोटात अख्खे पुस्तक आहे. त्यातला एक नियम अनेकांना फार उशिरा कळतो. सौदा पाळला नाही तर तो रद्द होत नाही, बाजारभावाने हिशोब करून मिटवावा लागतो आणि फरक भरावा लागतो. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात कापूस पौंडाला २ डॉलरच्या वर गेला आणि मग धाडकन पडला, तेव्हा जगभर सौदे मोडले आणि लवादाकडे रांग लागली. मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापूस निर्यातीवर अचानक बंदी घातली, तेव्हा 'आता सरकारनेच अडवले, आपण सुटलो' असे समजणारेही होते. करारात तशी सूट वेगळी लिहून घेतलेली नसेल तर त्या नियमांत बंदीने सौदा आपोआप संपत नाही. आणि लवादाचा निकाल जो पाळत नाही त्याचे नाव संघटना यादीत जाहीर करते. त्या यादीत गेलेल्या माणसाशी चांगले व्यापारी सौदा करत नाहीत. पोलीस नाही, जप्ती नाही, फक्त यादी.

धान्याचीही तीच तऱ्हा. लंडनची गाफ्टा, म्हणजे धान्य-चारा व्यापाऱ्यांची संघटना, १९७१ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन झाली, त्यातली धान्याची १८७८ ची. जगातल्या धान्य व्यापाराचा सुमारे ८० टक्के भाग आपल्या नमुना करारांवर चालतो असे ती सांगते. जळगावच्या डाळमिलवाल्यांना यात नवीन काही नाही, म्हणून पुढे जातो.

या सगळ्यांत चावी एकच : संदर्भाने करार. पानभर मजकूर दर वेळी लिहायचा नसतो. 'अमुक संघटनेचा अमुक सालचा करार लागू' इतके लिहिले की तो सगळा मजकूर सौद्यात येऊन बसतो. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यालाही हे चालते. लेखी सौद्यात दुसऱ्या कागदातल्या लवाद कलमाचा नीट उल्लेख असेल तर ते कलम लागू होते, आणि इलेक्ट्रॉनिक संदेशही लेखीच धरतात. म्हणजे आप्पांचा व्हॉट्सॲप मेसेज बदलायची गरज नाही. त्यात एक ओळ वाढवायची : 'खान्देश केळी करार लागू', आणि पुढे साल. कटाईच्या आदल्या रात्री कुणीही एवढे टाइप करू शकतो, समोरच्याने 'ओके' म्हटले की झाले.

फळे-भाज्या २०१६ साली महाराष्ट्रात बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आल्या. त्याचे बरे-वाईट काय झाले यावर आपण रात्रभर भांडू शकतो. पण बांधावरच्या सौद्याला आता समितीचे छप्पर नाही, तेव्हा स्वतःचे छप्पर घालावे लागेल.

करारात काय असावे हे ठरवणारा मी कोण? तरी कागद बघून जे खटकते ते सांगतो. मालाची पारख बागेतच संपली पाहिजे. घडाचे वय, कॅलिपरने मोजलेली फळाची जाडी, डाग, सगळे बांधावर तपासायचे, आणि एकदा घड उचलला की त्या कारणाने पुढे कटती नाही. थंडीत चरका बसलेला, म्हणजे थंडीने साल बाधलेला, माल असेल तर साल किंचित खरवडून खाली तपकिरी रेषा दिसतात का ते तिथेच बघता येते. नंतर दुबईत रंग मळकट आला म्हणून बागायतदाराला धरायचे नाही, कारण रीफर चुकून दहा-अकरावर लावला तरी तसाच रंग येतो आणि मग चरका बागेतला की समुद्रातला हे कुणी सांगू शकत नाही.

पुढे पॅकहाऊस. कटाईपासून किती तासांत माल प्रीकूलिंगला गेला याची नोंद हवी. दरवाजा बंद करण्याआधी दोन-चार बॉक्समधल्या फळात थर्मामीटर खुपसून गराचे तापमान घ्यायचे, सील नंबरसकट फोटो काढायचा आणि तो बागायतदाराच्या मोबाइलवर पाठवायचा. ही पाच मिनिटे कुणाला जड नाहीत. रेकॉर्डरचा आलेख मात्र आज निर्यातदाराच्या ईमेलमध्ये पडून राहतो. तो बागायतदारालाही मिळायलाच हवा. क्लेम सांगायचा तर सर्व्हे रिपोर्टसह, ठरलेल्या दिवसांत, नाहीतर कटती नाही. निर्यातदार बंधूंनी यावर रागावू नये. तुम्हाला तिकडचा खरेदीदार एक ओळीच्या मेसेजवर क्लेम लावतो तेव्हा तुम्हीच माझ्याकडे येऊन डोके धरता. हेच कलम तुम्ही त्याच्या तोंडावरही टाकू शकाल.

निर्यातदारांसाठी आणखी एक. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ पासून इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम कुणाची ते सांगणाऱ्या विक्रीच्या ठरीव अटी, काढले, हल्लीचे २०२० चे. आपल्याकडे डोळे झाकून एफओबी लिहितात. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. पण कंटेनर तुम्ही टर्मिनलच्या गेटवर देऊन मोकळे होता, आणि पुढे तो यार्डात विजेच्या प्लगवर किती दिवस उभा राहील यावर तुमचा काडीचा ताबा नसतो. जहाज हुकले, प्लग निघाला, तर जोखीम तुमचीच. चेंबर स्वतःच सांगते की कंटेनरला एफओबी लावू नका, एफसीए लावा, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. तीन अक्षरे बदलायची आहेत. बँकेला बोटीवर चढल्याचा शेरा हवा असतो म्हणून एफसीए जमत नाही, असे ऐकतो. २०२० च्या आवृत्तीत त्याचीही सोय केली आहे : खरेदीदाराने आपल्या वाहतूकदाराला तसा शेरा असलेले बिल द्यायला सांगायचे, एवढे करारात लिहून घ्यायचे.

विम्याचेही तसेच. सर्वांत मोठ्या संरक्षणाची, अ वर्गाची इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (मालाच्या विम्याच्या छापील अटी) घेतली तरी उशिराने झालेले नुकसान त्यात बसत नाही, उशीर विमा असलेल्याच कारणाने झाला तरीही. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जेद्दाची वेळापत्रके कोलमडली, तेव्हा हे कलम काय असते ते काहींना कळले. विमा आहे म्हणून शेतकऱ्याला दिलासा देणाऱ्यांनी आधी ते पान वाचावे. उशिराचा तोटा कुणी किती सोसायचा हे आपल्या करारात लिहून ठेवले तरच भागेल, आणि मला वाटते तो निर्यातदार व खरेदीदारात वाटला जावा. बागायतदाराचा जहाजाच्या रस्त्याशी काय संबंध?

दोन हरकती येणार. पहिली, 'व्यापारी सही करणारच नाही.' एकटा आप्पा म्हणाला तर नाही करणार. पण एका पट्ट्यातल्या सगळ्या सोसायट्या आणि उत्पादक कंपन्या म्हणाल्या तर ज्याला माल हवा तो करेल. जुनी माणसे सांगतील : दिल्लीला केळीच्या वॅगन भरायच्या त्या काळात सावदा, निंभोरा, रावेर स्टेशनवर वॅगन मागणे, पाळी लावणे, हिशोब वाटणे हे फ्रूटसेल सोसायट्यांनीच उभे केले. त्या सोसायट्यांना दोन पानांचा करार जड नाही. शिवाय सोलापूरकडे टेंभुर्णी-कंदरचा पट्टा निर्यातीत आपल्या पुढे निघून गेला आहे. परदेशी खरेदीदाराला ज्या गावचा माल बिनभांडणाचा मिळतो, तिकडे तो वळतो. आपल्या केळीला २०१६ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण बॉक्सवर छापण्यापलीकडे त्याचा उपयोग आपण केलेला नाही.

दुसरी हरकत, 'मग भावही ठरवून टाकू.' तिथे थांबा. बिम्कोचे जन्मदाते भाड्याच्याच चिंतेने जमले होते, पण आजच्या कायद्यात संघटनेने सगळ्यांसाठी एक भाव बांधणे महागात पडू शकते. करारात भावाची चौकट रिकामी ठेवा, भाव ज्याचा त्याने करावा. बोर्डाच्या, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या, भावाचे भांडण या कागदात आणलेत तर कागद पहिल्याच बैठकीत फाटेल.

लवादाचे मात्र पक्के करा. जळगावच्या कोर्टात दोन कंटेनरच्या कटतीसाठी कोण जाणार? एक माणूस बागायतदारांचा, एक निर्यातदारांचा, तिसरा केळी जाणणारा पण कुणाचाच नसलेला. फळशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक चालेल. भुसावळला बसावे, रेकॉर्डरचा आलेख आणि फोटो बघावे, महिन्याच्या आत निकाल द्यावा. जो निकाल मानत नाही त्याचे नाव सोसायटीच्या फळ्यावर. यादी जाहीर करताना वकिलाला विचारून शब्द लिहा, म्हणजे अब्रुनुकसानीची नोटीस यायची नाही.

बैठक केळी कापणीचा जोर ओसरलेला असताना घ्या, नाहीतर निम्मे लोक पॅकहाऊसवर असतील. बागायतदार, निर्यातदार, पॅकहाऊस, रीफर ट्रेलरवाले आणि एखादा विमावाला, इतके लोक एका टेबलावर हवेत. ट्रेलरवाल्यांना विसरू नका, कारण सावद्याहून न्हावाशेवापर्यंत घाट आणि टोल ओलांडताना जनसेट (रीफरला वीज देणारा जनरेटर) चालू होता की नाही हे फक्त त्यांनाच माहीत असते. मसुद्याची चौकट मी भरून देतो, मराठीत आणि शेजारी इंग्रजीत, म्हणजे तोच कागद खरेदीदारालाही लावता येईल. कलमे तुम्ही लिहा, माझी चुकली तर खोडा, पण खोडलेले दिसू द्या.

आपला,
केळीच्या कंटेनरचे कागद करणारा एक,
सावदा